कडेला उभे असलेले शिपाईमामा

मागच्या वर्षी फोटोवाल्या बाईंनी शाळेच्या ग्रुप फोटोत शिपाईमामांचं अर्धं तोंड कापलं. तीस वर्षं फोटो काढणाऱ्या बाईंनी! कारण साधं होतं. चष्म्यामुळे डोळा कॅमेऱ्याच्या खिडकीला नीट टेकत नाही, मग चौकटीच्या कडाच दिसत नाहीत. बाईंना वाटलं मामा आत आहेत, आणि मामा निम्मे बाहेर! वर त्या भल्या माणसाने तो फोटो विकतही घेतला. "अर्धा तर अर्धा," म्हणाले. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यंदा मामा निवृत्त होणार होते, म्हणजे हा शेवटचा ग्रुप फोटो. मुख्याध्यापिकेचा निरोप आला, "या वेळी सुनेला पाठवा."

"जाते ना मी, आई," सून म्हणाली. "तुम्ही दुकानात काउंटरवर बसा."

"चूक माझी, ती मीच निस्तरणार. आणि यंदाही चुकलं, तर कॅमेरा तुझ्या हातात देईन."

चष्मा काढला की कडा दिसत, पण चेहरे पुसट होत, आणि जुन्या कॅमेऱ्याचा फोकस तर हातानेच लावायचा. बाईंनी डोकं लावलं. पाच मीटर सुतळी मोजून कॅमेऱ्याला बांधली. लेन्सवरचे बारीक आकडे वाचता येईनात, म्हणून पाचाच्या आकड्यावर सुनेच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.

"अहो आई, माझी महागाची बाटली!"

"ठिपकाभर तर गेली. गळा कशाला काढतेस?"

आठवडाभर बाईंनी दुकानासमोर खुर्च्या मांडून सराव केला. येणारेजाणारे हसले. हसू देत!

फोटोच्या दिवशी मामा हळूच मधे सरकले. "इथेच राहतो बाई, उगाच धोका नको."

"अजिबात नाही. मागच्या वर्षी होतात तिथेच, कडेला."

मामांचा चेहरा उतरला. मुख्याध्यापिकेच्या कपाळावर आठ्या पडल्या, तर बाईंनी सुतळीचं टोक त्यांच्याच हातात दिलं. "नाकाला लावा." सगळी शाळा खदखदली. सुतळी ताठ होईपर्यंत बाई स्टँडसकट मागे सरकल्या, मग ती सोडवली, फोकसची रिंग लाल ठिपक्यावर आणली आणि चष्मा गळ्यात सोडला.

कॅमेऱ्याच्या खिडकीत नुसते पुसट ठिपके. कोण मास्तर, कोण मूल, काही कळेना. बाईंनी चेहऱ्यांचा नाद सोडला आणि फक्त कड पाहिली. शेवटच्या ठिपक्यापलीकडे वीतभर भिंत दिसत होती. त्यांनी बटण दाबलं.

चार दिवसांनी बाई स्वतः फोटो घेऊन शाळेत गेल्या. मामांनी तो जवळ धरला, लांब धरला, डोळे बारीक केले.

"बाई, जरा तुमचा चष्मा द्या हो."

बाईंनी गळ्यातला चष्मा काढून दिला. मामा कितीतरी वेळ फोटोची कड पाहत राहिले.

"दोन्ही कान आलेत," ते म्हणाले.

मामा काही चष्मा परत देईनात, आणि बाईंनीही मागितला नाही.