आईचे उपास

शहरातली गरिबी कमी झाली, असं कोणी ऐटीत सांगू लागलं की माझं डोकंच फिरतं. मोजायला आला होतात ना? मग माझ्या आईला कोणत्या रकान्यात टाकलंत, तेवढं सांगा!

आई कळमन्याच्या बाजारात मिरच्यांचे देठ खुडायला जायची. मिरचीचा हंगाम सरला की तिचे उपास वाढायचे. आधी सोमवार, मग गुरुवार, मग शनिवारही. मी आणि धाकटी बहीण मात्र रोज जेवायचो. बाई मोठी देवभोळी, असं वस्तीत सगळे म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं. पण शेजारच्या काकूंकडे उपासाला साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी. आमच्याकडे नुसता काळा चहा. तेरा वर्षांची झाले तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला.

त्याच उन्हाळ्यात सर्वेवाल्या मॅडम आल्या. त्यांनी विचारलं, "मागच्या महिन्यात घरात अन्न नाही म्हणून कोणी उपाशी राहिलं?"

"छे वं बाई! पोट्ट्या पोटभर जेवतात."

"आणि तुम्ही?"

"मले उपास असते."

मॅडमचं बोट 'नाही'वर जाणार, तेवढ्यात मी ओरडले, "खोटं बोलून राहिली ते! घरात काही नसलं की हिले उपास लागते. लिहा तसं!"

आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. मॅडम गेल्यावर म्हणाली, "घरची इज्जत काढली तू."

संध्याकाळी तिनं आम्हा दोघींपुढे ताटं ठेवली. मी ताट सरकवलं. "मलेही उपास आहे."

"कोणाचा?"

"तुह्या देवाचा."

"मलेही," धाकटी म्हणाली. तिला काही कळलं नव्हतं, पण तीही हटली नाही.

"काहून छळता वं मले? जेवा!"

"तू बस, मग जेवतो."

भात गार झाला. शेवटी ती बसली. दोन ताटांतलं तीन ताटांत केलं, आम्हाला शिव्या घालत, रडत जेवली. तिघींचंही पोट भरलं नाही. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

आता मी कमावते. एकादशी असो, चतुर्थी असो, मी दोन्ही वेळ जेवते. सासरी नाकं मुरडतात. मुरडू द्या. आमच्या घरचे सगळे उपास आईनं आधीच करून ठेवलेत.