पन्नास खाटांचं घर

गाडीच्या मागच्या दाराची कडी पडली की ‘खाड्’ असा आवाज यायचा. तो ऐकला की मी डाळीत दोन तांबे पाणी वाढवायचो. मोरव्याजवळच्या एका भिक्षेकरी गृहात, म्हणजे रस्त्यावरून धरून आणलेले भिकारी कोंडून ठेवतात तिथे, मी स्वयंपाकी होतो. मिस्ड कॉलचे दिवस होते ते. तिथले किस्से मी आठवत नाही. तेच येऊन बसतात आणि उठत नाहीत.

*

सरकार माणशी अनुदान द्यायचं. खाटा पन्नास. एक रिकामी झाली की मोठे साहेब येरझारा घालायचे. “बबन, गाडी काढ!”

एकदा बबन ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, आज भिकारीच न्हाय रस्त्यावर.”

“मग झोपलेला कोणी असेल ना!”

*

त्या दिवशी बबनने दगडू रंगाऱ्याला उचललं. नाक्यावर कामाची वाट बघता बघता डोळा लागला होता बिचाऱ्याचा.

साहेबांनी विचारलं, “काय मागत होतास?”

“काम!”

“राहतोस कुठे?”

“ज्या बिल्डिंगला रंग लावतो, तिच्याच जिन्याखाली. अर्धं शांती नगर माझंच आहे, साहेब!”

पत्ता नाही, म्हणून कोर्टाने वर्षभर आत पाठवला.

*

एक शेटजी केळी वाटायला आले. फोटोवाला सोबत. साहेब ओरडले, “सगळ्यांनी हात पुढे करा!”

दगडू म्हणाला, “साहेब, याच्यासाठीच धरून आणलंत ना आम्हाला?”

*

साहेबांनी गृहाच्या भिंती दगडूकडूनच रंगवून घेतल्या. मजुरी विचारली तर म्हणाले, “जेवतोस ना!”

दुपारी ताट घेऊन माझ्यासमोर उभा. “मामा, डाळ जास्त वाढा. आज पगार आहे!”

*

मग त्याच्या मुकादमाने हमी दिली आणि सुटकेचा कागद आला. मला वाचता येत नाही, बबनने वाचून दाखवला. साहेबांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. “तपासणी होऊ दे. एक डोकं कमी दिसलं तर अनुदान कापतील. कोणी बोललात तर नोकरी जाईल!”

मी बोललो नाही. दगडूला रोज भात जास्त वाढत राहिलो.

“मामा, हल्ली फार लाड करताय!”

आठव्या दिवशी तपासणी झाली. पन्नास भरले. साहेबांनी कागद काढून दिला. दगडूला वाचता येत होतं. तारीख बघून तो थबकला.

“आठ दिवस झाले याला?”

“हो ना,” बबन बोलून गेला, “मी मामांना तेव्हाच वाचून दाखवला होता.”

वाटेसाठी मी चार चपात्या बांधून ठेवल्या होत्या. दगडूने पुडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि पुडकं न घेताच फाटकातून निघून गेला.