पुतळ्याखालची बाई

मास्तर चित्र खालून वर बघायचे. बर्मिंगहॅममधल्या माझ्या जुन्या चित्रांच्या दुकानात आले, की गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचे आणि चौकटीच्या खालच्या कडेपासून सुरुवात करायचे. रोमचे पडके खांब, मुंडकं उडालेले संगमरवरी देव, मागे सोनेरी संध्याकाळ, असली निसर्गचित्रं मी घासाघीस करून आणायचो. बाकीचे लोक देव बघायचे. मास्तर देवाच्या पायाशी कोण बसलंय ते बघायचे.

मूळचे नागपूरचे, इथे इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. रविवारी सकाळी विहारात मुलांना शिकवायचे, म्हणून सगळ्यांचे मास्तर. चित्र कुठलंही असो, त्यांचा प्रश्न एकच. "हे दगड कोणी वाहिले रे, शेठ?"

"मास्तर, मी विकतो. वाहत नाही."

"मग चौकटी पाठीवर घेऊन बाजारात कोण फिरायचं?"

फिरायचो मीच. दुकान झाल्यावर ही गोष्ट बाकी सगळे सोयीस्करपणे विसरले. मास्तर विसरले नाहीत.

एका चित्रावर त्यांचा फार जीव. हात तुटलेली भलीमोठी देवी, आणि खाली ओढ्यावर धुणं धुणारी अंगठ्याएवढी बाई. मिल्टन कीन्सचा एक पुणेकर ते घ्यायला आला. नवं घर, भिंत बुटकी.

"अंकल, खालचा पार्ट आत फोल्ड करा ना. स्टॅच्यू परफेक्ट बसेल."

मी हो म्हणून टाकलं. कॅनव्हास दुमडून लहान चौकटीवर ताणायचा, त्यात काय?

कोपऱ्यातून मास्तर शांतपणे म्हणाले, "तुटक्या हातांची भिंतीवर चालते. जिचे हात कामात आहेत, तीच तेवढी आत दुमडायची?"

गिऱ्हाईक ओशाळलं. विचार करून सांगतो म्हणत गेलं, ते गेलंच. मी भडकलो. "दुकान माझं आहे, मास्तर! उद्यापासून पाऊल टाकू नका इथे!"

"उद्या सोमवार. तसाही तू बंद असतोस," म्हणाले, आणि मंगळवारी आले.

गेल्या हिवाळ्यात मास्तर गेले. हॉस्पिटलमध्ये शेवटचं भेटलो तेव्हाही मी ऐकवलंच, "तुमच्यामुळे ती बाई अजून माझ्या गळ्यात आहे."

डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "अख्खी आहे ना?"

परवा ईलिंगहून एक डॉक्टर आले. चित्र पसंत पडलं. मी सांगितलेला भाव त्यांनी एका शब्दात कबूल केला, असं गिऱ्हाईक वर्षात एखादं मिळतं. मग खिशातून टेप काढून म्हणाले, "खालून जरा कमी करता येईल?"

"नाही," मी जवळजवळ ओरडलोच. "दुमडायचं असेल तर विकायचंच नाही मला."

मास्तरांनी माझी दोन गिऱ्हाइकं घालवली. दुसरं तर स्वतः गेल्यावर.