ऐनाच्या फळ्या, टोरीचं तेल

अशा जवळ सरका बाई. पाहुण्यासारखं दाराशी काय बसता? आणि लिहून घ्यायचंय ना, मग तो मोबाइल आधी उलटा ठेवा. रस्त्यानं गाड्या वाहणारा ट्रेलर गेला की तुम्ही सगळे वरची गाडी बघता. ती कशावर उभी आहे, हे बघायचं कुणाला सुचत नाही. मी तेच बघते. ही खोड मला एका मिस्त्र्यानं लावली.

राजुऱ्याच्या नाक्यावर ते ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधायचे. हातात फळी आली की बोटाच्या पेरानं ठोकायची, कान लावायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "बोलून राह्यली." नाहीतर, "मुकी आहे. चुलीत घाला." एका गिऱ्हाइकानं फार हुज्जत घातली, तेव्हा त्यांनी त्याच्या हेल्मेटवर ठोकून कान लावला. हेल्मेट डोक्यावरच होतं. "पोकळ," म्हणाले, आणि पुन्हा रंध्यावर वाकले.

आमचं गॅरेज त्यांच्या शेजारीच. मी त्यांना मिस्त्रीभाऊ म्हणे, ते मला बाई. दुपारच्या नमाजाला निघताना ते टोपी झटकायचे, आणि तो सगळा भुसा वाऱ्यावर बसून थेट माझ्या कुरडयांवर यायचा. "भुशानं चव येते बाई," हे वर.

तर आम्ही बंद पडलेल्या गाड्या आणायला ट्रेलर घ्यायचं ठरवलं. सांगाडा आला, चाकं आली. आता गाडी चढवायची तो तळ कशाचा करायचा? मुलाला हवी होती लोखंडी प्लेट, ती नक्षी उठवलेली. आमच्या बुढ्यांना, म्हणजे आमच्या मालकांना, ॲल्युमिनियम, कारण त्यांच्या साढूकडे ते होतं. आणि मला सागवान, कारण सागवानाशिवाय दुसऱ्या कशाला लाकूड म्हणतात हेच मला माहीत नव्हतं. तिघं भांडत मिस्त्रीभाऊंकडे गेलो.

"प्लेट?" ते म्हणाले. "मे महिन्यात तिच्यावर पापड भाजा. न् पावसात चिखल बसला का गाडी चालली घसरत."

"ॲल्युमिनियम?" आमचे बुढे.

"एटापल्लीच्या रस्त्यानं एक ट्रॅक्टर त्याच्यावर घालून आना. मंग पाहा त्याचा पराठा."

"सागवान?" मी मोठ्या आशेनं विचारलं.

"सागवान म्हंजे जावई, बाई. मान लई, ओझ्याले हात नाई."

"मग घालायचं तरी काय?"

"ऐन. काळं, जड, बदसूरत. माझ्यावानी."

ऐनच घातलं. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवली, चिखलपाणी खाली गळून जावं म्हणून. बोल्टची डोकी लाकडात बुडवली, टायर फाटू नये म्हणून. एक फळी गेली तर एकच बदलायची, सगळा तळ उचकटायला नको. आणि मग त्यांची ती परीक्षा! त्यांच्या हातचा ट्रेलर न्यायचा तर मालकानं आधी त्यावर अनवाणी चालायचं, वर चिखल-पाणी ओतून. भलेभले ठेकेदार पांढऱ्या पँटी गुडघ्यावर घेऊन चाललेले मी पाहिलेत. मीही लुगडं खोचून चालले. पाऊल तसूभर सरकलं नाही.

ते बघायला एक हार्वेस्टरवाला उभा होता. म्हणाला, "माह्या ट्रेलरलेबी हेच टाका." मिस्त्रीभाऊंचा चेहरा तेव्हा तुम्ही पाहायला हवा होता. नाक्यावर प्लेटवाल्यांची दोन दुकानं नवी झाली होती, आणि कित्येक महिन्यांत त्यांच्याकडे कुणी आपणहून लाकूड मागितलं नव्हतं.

आता माझा पराक्रम ऐका.

आमच्याकडे नवी लाकडाची वस्तू घरात आली की तिला तेल पाजतात. मुसळ असो, दार असो, नांगर असो. मोहाच्या बियांचं, म्हणजे टोरीचं तेल. मग एवढा मोठा ट्रेलर उपाशी कसा ठेवायचा? पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी मी अख्खा डबा त्यावर रिचवला. थंडीचे दिवस. सकाळपर्यंत ते तेल तुपासारखं थिजलं, आणि तळ असा चमकायला लागला की मी हळदकुंकू वाहून वर झेंडूचा हारही घातला.

एटापल्लीच्या पलीकडच्या एका गावातून जीप आणायची होती. आठवडी बाजाराला माणसं नेणारी, इंजिन गेलेली. साखळीनं ओढून वर चढवली, चाकांमागे लाकडी ठोकळे लावले. आमचे बुढे मागं उभे राहून म्हणाले, "बसली!" तेवढ्यात ठोकळ्यांसकट जीप निघाली मागं. बुढ्यांनी त्या वयात जी उडी मारली, तशी लग्नातही मारली नव्हती. पाय मुरगळला तेवढ्यावर निभावलं. जीप शेणखताच्या ढिगात जाऊन बसली. जीपवाला शांतपणे म्हणाला, "इंजिन तं गेलंच होतं. आता मागचं दारबी गेलं."

आम्ही राजुऱ्याला पोचायच्या आधी बातमी पोचली होती: लाकूड घसरते.

मिस्त्रीभाऊ आले. तळावर वाकले, नाक जवळ नेलं. मग माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आमच्या बुढ्यांना म्हणाले, "माझं चुकलं भाऊ. रंधा ज्यादा फिरला, फळी चिकनी झाली."

मी आत जाऊन डाळ निवडायला बसले. डाळीत खडा नव्हता, तरी निवडत राहिले. तीन दिवस गप्प होते मी. बुढे लंगडत होते, मुलगा "मी म्हटलं नव्हतं?" म्हणत फिरत होता, आणि नुकती सून घरात आलेली. तिच्यासमोर सासूनं काय सांगायचं, ट्रेलरला न्हाऊमाखू घातलं म्हणून?

चौथ्या दिवशी मी अंगणात धुणं वाळत घालत होते आणि पलीकडून हार्वेस्टरवाल्याचा आवाज आला. "राहू द्या मिस्त्री. मी प्लेटच टाकतो. तुमचं काम आता पह्यल्यासारखं नाई राह्यलं."

मिस्त्रीभाऊंनी त्याच्यासाठी काढलेली फळी उचलून आत ठेवली. तेच मला सहन झालं नाही. तशीच ओल्या हातानं गेले.

"लाकूड नाही घसरलं," मी म्हटलं. "तेल मी चोपडलं होतं. डबाभर."

हार्वेस्टरवाला पोट धरून हसला. "ट्रेलरले तेल? मंग वेणीबी घालाची होती!"

"हार घातला होता," मी म्हटलं.

त्यानं शेवटी प्लेटच टाकली. बोललेला शब्द मागं घेणाऱ्यातला तो नव्हता. पण नाक्यावर पुढं जी गोष्ट फिरली ती माझ्या तेलाची, मिस्त्रीभाऊंच्या फळ्यांची नाही. महिन्याभरात दोन ट्रेलर त्यांच्याकडे लाकडासाठी उभे होते, आणि मला नाक्यावर तेलवाली बाई म्हणत होते. म्हणेनात का.

"तुम्हाला कळलं होतं ना?" मी त्यांना विचारलं.

"टोरीचा वास लपते का बाई?"

"मग बोलले काऊन नाई?"

"तुमचे बुढे लंगडत उभे होते. त्याईले सांगतलं असतं तं तुमच्या घरात महाभारत. फळीचं काय, फळीले नवरा नाई."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. पण त्यांनी रडायला वेळ दिला नाही. हातात वीट ठेवली. "आता घासा. तेल तुमचं, हात तुमचे." गरम पाणी, राख, विटेचा चुरा. दोन दिवस घासलं. ते खुर्चीवर बसून माझ्याच कुरडया खात बोट दाखवायचे, "इथी राह्यलं. तिथी राह्यलं."

आता ते दुकान नाही. गुडघे गेले, तशी मुलीनं त्यांना भद्रावतीला नेलं. आमचा ट्रेलर अजून चालतो, फक्त डाव्या मागच्या चाकाखालची फळी कुजली आहे. मुलगा पुन्हा प्लेटीचा तुकडा घेऊन माझ्यामागं फिरतो. नातसुनेनं फळीचा फोटो काढून मिस्त्रीभाऊंना पाठवला, तर उत्तर आलं, "फोटोत लाकूड दिसते, समजत नाई. मीच येतो." याला दिवाळी होऊन गेली.

तर मिस्त्रीभाऊ, या बाईंनी लिहून घेतलेलं हे तुमची नात वाचून दाखवत असेल तर ऐका. येत्या सोमवारी मुलगा प्लेट कापून आणतो म्हणतो. मी त्याला थांबवलंय, पण तो माझाच मुलगा, किती थांबेल? लाकडाच्या डेपोतून ऐनाच्या तीन फळ्या आणून सावलीत ठेवल्यात. सकाळच्या बसनं निघा, चंद्रपूरला बदला, राजुऱ्याच्या स्टँडवर मी न्यायला येते. ट्रेलरवर चढू नका. खाली खुर्ची टाकते, तिथूनच सांगा कोणती बसवायची, बोल्ट मी कसते. सोमवारच्या आत या.