मागचा ठप्पा

देवमनने पाकीट हातात घेतलं, पण ते उलटं केलं नाही. मागे काय आहे ते त्याला ठाऊक होतं.

वाशीमच्या विहारात जुन्या कागदांचं प्रदर्शन भरणार होतं. किन्हीराजाच्या भागिरथाबाईंनी त्यासाठी आपल्या सासऱ्यांचं पत्र दिलं होतं. छप्पन सालच्या ऑक्टोबरात सासरे नागपूरला दीक्षेला गेले आणि तिथून त्यांनी घरी चार ओळी धाडल्या. आपण बौद्ध झालो, मी शनिवारपर्यंत येतो, जनावरांकडे लक्ष द्या. प्रदर्शनात या पत्राला पहिली जागा मिळायची होती.

पण अकोल्याहून आलेल्या टपाल तिकिटांच्या एका संग्राहकाने पाकिटामागच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. शिक्क्यात पिनकोड होता. पिनकोड आला बहात्तर साली, मग छप्पनच्या पत्रावर तो कसा? पाकीट बनावट आहे, असं सांगून तो चहा पिऊन निघून गेला. त्याचं बोलणं मात्र किन्हीराजापर्यंत पोचलं. भागिरथाबाईंचा मुलगा प्रसेनजित शाळेत मास्तर. पत्र घरीच तयार केलं का, असं सोबतचे मास्तर त्याला हसून विचारू लागले.

शेवटी समितीच्या सुकेशनी मॅडमनी देवमनला बोलावलं. त्याने तालुक्याच्या पोस्टात चौतीस वर्षं ठप्पे मारले होते. त्याच्याहून जाणता माणूस कुठला आणायचा? मायलेकही आले होते. तिघं त्याच्या हाताकडे पाहत होते.

त्याने हात धोतराला पुसला.

दिवसाला दोन हजार ठप्पे, असं त्याचं काम होतं. उजवा अंगठा अजून सरळ होत नाही. ठप्पा एका दणक्यात उठला पाहिजे, दुसऱ्यांदा मारला की चिखल होतो, असं तो नव्या माणसांना सांगायचा. अर्धवट उठलेला ठप्पा त्याला कधी खपला नाही. घात केला तो याच खोडीने.

त्र्याऐंशी साल. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. भागिरथाबाईंचा नवरा भिवाजी त्याचा दोस्त. तो बापाचं पत्र घेऊन पोस्टात आला. मागचा ठप्पा, म्हणजे पत्र पोचल्याचा, पार फिका. नुसती अर्धी कोर दिसत होती. याले जरा नीट करून दे, भिवाजी म्हणाला. देवमनने आतलं पत्र काढून ठेवलं. डबीतून जुने आकडे शोधून शिक्क्यात छप्पनची तारीख बसवली. रिकामं पाकीट रबराच्या गादीवर ठेवलं, त्या कोरीवर नेम धरला आणि एकच दणका दिला. ठप्पा कसा खणखणीत उठला! दोघं खूश झाले. शिक्क्याच्या कडेला पिनकोड आहे, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

भिवाजी जाऊन बारा वर्षं झाली. आता हे देवमनशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मले सांगता येत नाही, एवढं म्हटलं असतं तरी सुटका होती. सरकारी शिक्का असा वापरणं हा गुन्हा. पेन्शन बंद झाली तर? या वयात चौकशी लागली तर?

"काका, खरं का खोटं?" प्रसेनजितने विचारलं.

"आतलं पत्र दे."

पत्र घेऊन तो खिडकीशी गेला. कागद उजेडात तिरपा धरला आणि वाकड्या अंगठ्याने हळू चाचपला. सापडलं. शिक्का पोलादाचा असतो, त्याचा दाब पाकिटातून आतल्या कागदात उतरतो. पत्राच्या एका अंगाला नागपूरच्या ठप्प्याचा गोल वण होता, दुसऱ्या अंगाला फिक्या कोरीचा. पत्र आत असतानाच ते दोन्ही ठप्पे पडले होते. ठळक ठप्प्याचा मात्र पत्रावर मागमूस नव्हता. त्याने तिघांची बोटं एकेक करून त्या वणांवरून फिरवली.

"पत्र खरं आहे. पाकीटबी खरं आहे."

"मंग हा पिनकोड?" सुकेशनी मॅडमनी विचारलं.

देवमनने पत्र प्रसेनजितच्या हातात परत दिलं.

"तो म्या मारला," तो म्हणाला आणि सगळं सांगितलं.

भागिरथाबाई म्हणाल्या, "चार दिवस माहं पोरगं खाली मान घालून शाळेत जाऊन राह्यलं. तुमाले मालूम नव्हतं, भाऊ?"

"मालूम होतं, वहिनी."

टपरीवर दुसऱ्याच दिवशी ते सगळं त्याच्या कानावर आलं होतं. चहा अर्धा टाकून तो घरी गेला होता.

सुकेशनी मॅडमनी मार्ग काढला. पत्राखाली चिठ्ठी लावू, वरचा ठप्पा नंतर एका कर्मचाऱ्याने मारला, असं लिहू, म्हणाल्या. नाव नको.

त्याला ते सोयीचं होतं. तरी त्याने नकारार्थी मान हलवली.

"नाव लिहा. नाव नसलं तं लोक म्हनतीन, घरच्याइनंच मारला."

त्याने स्वतःच लिहायला घेतलं. अक्षर वाकडं आलं. तो कागद बाजूला सारून त्याने दुसरा घेतला. साल, काम, पूर्ण नाव आणि खाली सही. भागिरथाबाईंनी ते मुलाकडून दोनदा वाचून घेतलं. देवमनकडे त्यांनी पाहिलंही नाही.

प्रसेनजितने मोबाइल काढला, कागदाचा फोटो घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या शाळेच्या ग्रुपवर टाकला. टाकू का, असं त्याने विचारलं नाही. देवमननेही त्याला अडवलं नाही. तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला आणि पहिलं उत्तर यायची वाट पाहू लागला.