कपाटातलं चर्च

"चर्चची किल्ली चोरलीस तू, सुन्वा!"

"किल्ली तुझ्याच खिशात खुळखुळतेय, डांजल."

"मग रेडिओवरच्या तुझ्या गाण्याला आपल्या चर्चचा घुमारा आला कुठून?"

फेरो बेटांवरच्या मासळीच्या कारखान्यात जन्म घालवलेल्या सुन्वाला चर्चचा गायनवृंद चालवणाऱ्या याच डांजलने त्यातून काढलं होतं, आवाज फाटला म्हणून. तिने आपल्या घरातलं कपाट उघडलं. लोकरी स्वेटरांच्या गर्दीत माइक टांगलेला होता. संगणकावर तिने आधी आपला कोरडा, घुमारा नसलेला आवाज ऐकवला. मग त्याची बोचरी टोकं बोथट केली, दबलेले शब्द वर उचलले आणि शेवटी घुमारा चढवला. तो थेट चर्चमधल्यासारखा हळूहळू विरला.

"चाळीस वर्षं गायले रे तिथे. भिंती कानात बसल्यात माझ्या. बोल, रविवारी येऊ गायला?"

डांजलने खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला.