बादशाही मांड्यांचा माग

'आमचे पुरणाचे मांडे थेट बादशाहाच्या मुदपाकखान्यातले' अशी जाहिरात मोबाइलवर वाचली आणि माझा संशयी स्वभाव जागा झाला. जुन्या पदार्थाला बादशाह नाहीतर पेशवा चिकटवायची आपल्याकडे खोडच आहे. खरा इतिहास लिहायचाच म्हणून अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी मी पुण्याहून बुलढाणा गाठलं.

बुलढाण्याला रेल्वे नाही, हे आधीच सांगते. एसटीनं राजूर घाट उतरून मोताळा, तिथून रिक्षा. भाडं बसायच्या आधी ठरवा. वाटेत रोहिणखेडची जुनी मशीद पाहिली. सुंदर आहे. तिथं मांड्यांचा उल्लेख असायचं काही कारण नव्हतं, तरी मी शोधलाच.

पुढच्या गावात, ती जाहिरात देणाऱ्या मांडेवाल्या कमलताईंनी सैल कणकेचा, पुरण भरलेला गोळा हातांवर झुलवत चांगला परातीएवढा केला आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकला. तुपाशी दोन खाल्ले. चवीबद्दल तक्रार नाही. पण कोणता बादशाह, असं विचारलं की त्या तुपाची वाटी पुढं सरकवत. मांडे कुणी शिकवले म्हटलं, तर शिकवणारीही दर वेळी बदले. आधी आजेसासू, मग चुलतसासू. पाणी कुठंतरी मुरत होतं. खापर कुठून आणता, एवढं मात्र त्यांनी सरळ सांगितलं.

गावाच्या टोकाला सुभद्राबाई नावाच्या म्हाताऱ्या कुंभारीण खापरं उन्हात मांडत होत्या. बादशाहाचं ऐकून हसल्या आणि आपली गोष्ट सांगू लागल्या. पूर्वी नवं खापर विकताना कुंभारणीनं त्यावर पहिला मांडा भाजून दाखवायचा, मगच गिऱ्हाईक ते घेई. कमलताईंच्या सासूला मांडा जमत नव्हता. सुभद्राबाई खापर द्यायला गेल्या आणि मांडा शिकवून आल्या.

मग तुम्ही गप्प का, मी विचारलं.

"तिच्या मांड्याले मागणी हाय, म्हणून माही खापरं खपतेत. माह्यं नाव लिहा बाई, तिचं नका लिहू."

मला यातही शंका आली. पुरावा काय? परत कमलताईंकडे गेले. सुभद्राबाईंचं नाव काढताच त्यांचा हात थांबला आणि मांडा मधोमध फाटला.

"अखाजी होऊ द्या, मंग लिहा," त्या खाली बघत म्हणाल्या. "वर्सभराचं पोट यावरच हाय."

मला स्वतःचीच लाज वाटली. सत्य शोधायला आलेली मी, दोन बायकांच्या चुलीत पाणी ओतायला निघाले होते.

पुण्यात आले, अखाजी होऊन गेली, तरी आठवडाभर लिहिलं नाही. सुभद्राबाईंची गोष्ट शंभर टक्के खरी आहे का, हेही मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण बादशाहाला न मागताच मान मिळाला, आणि या बाईला तो मागावा लागला.

कमलताई हे नाव मी बदललेलं आहे. सुभद्राबाई हे खरं आहे.